बिनक्लचचा टँकर

जावयाच्या गाडीला क्लच नाही. तो पुण्याला नोकरी करतो, आणि सुट्टीत लेकीला नि नातवाला घेऊन बीडला आला की मला पुढच्या सीटवर बसवून एखादी चक्कर मारून आणतो. गाडी आपली आपणच गिअर बदलते याचं त्याला भारी कौतुक. "पप्पा, तुमच्या काळात असलं काही नव्हतं," हे वाक्य तो दरवेळी न चुकता म्हणतो. माझा स्वभाव असा की समोरचा चुकला की तोंडावर सांगून मोकळं व्हायचं. बायको म्हणायची, तुमच्या जिभेला ब्रेक बसवायचा राहून गेला. पण या एका बाबतीत मी मान हलवतो आणि खिडकीबाहेर बघतो. कारण असलं काही आमच्या काळात होतं. ते मी माझ्या हातानं बसवलं, माझ्याच हातानं मोडलं आणि पुन्हा बसवलं. त्यात माझ्या संसाराचे जे दिवस गेले ते आता बायको नाही म्हटल्यावर मला फार छळतात.

मी तेव्हा बीडमधल्या एका सहकारी संस्थेच्या गॅरेजात फिटर होतो. संस्थेचे चार-पाच मालट्रक होते. गावोगावच्या सोसायट्यांना खत आणि बियाणं पोचवायचं आणि येताना कापूस भरून आणायचा, एवढंच काम. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, गाडीखाली उतरायला एक खड्डा, एक वेल्डिंग मशीन आणि दारात जुनं, जाडजूड कडुलिंब. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला आणि सगळं ठप्प झालं. पेरलंच नाही तर खत कोण नेणार आणि कापूस कुठून येणार? बहात्तरचा दुष्काळ मी शाळेत असताना पाहिलेला, शाळेत मिळणारी सुकडी खाल्लेली. हा दुष्काळ वेगळा होता. धान्य दुकानात मिळत होतं. पाणी मात्र कुठल्याही दुकानात मिळत नव्हतं.

माझं गाव लिंबागणेशच्या अलीकडे, डोंगराच्या अंगाला. गावच्या दोन्ही विहिरींचा तळ दिसायला लागला होता. आई उजाडायच्या आत उठून दीड कोसावरच्या झिऱ्याला जायची, वाटीवाटीनं घागर भरायची आणि ऊन चढायच्या आत परत यायची. माझं लग्न होऊन दीडेक वर्ष झालं होतं. बायको सिरसाळ्याजवळच्या एका गावची. पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजानं सातव्या महिन्यात तिला तिकडे पोचवलं. मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारशाला मी गेलो, पाळण्यात डोकावून मुलगी बघितली. नाक माझं आहे असं बायका म्हणत होत्या. मला तर तिथं नाक असं काही दिसलंच नाही, गुंजेएवढं काहीतरी होतं.

निघताना सासरे मला ओसरीवर घेऊन बसले. सासरे शेतकरी माणूस, शेळ्या-मेंढ्याही राखून होते, बोलायला सरळ. म्हणाले, "जावाईबापू, राग मानू नका. तुमच्या गावात टँकर सुरू हुंद्या, मग पोरगी पाठवतो. बाळंतीण बाई डोक्यावर घागर घेऊन माळ तुडवत जायाची, ते मला बघवायचं न्हाई."

मला राग आला नाही. त्यांचं म्हणणं रास्तच होतं. त्यांच्या विहिरीला अजून हात-दोन हात पाणी होतं, आमच्याकडे चिखल होता. बायको आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, डोईवरचा पदर पुढं ओढलेला. ती काहीच बोलली नाही, म्हणजे तिलाही हेच हवं असणार असं मी धरून चाललो. चारचौघांत बायकोशी बोलायची पद्धत नव्हती, आणि घरभर पाहुणे असताना एकटं कोण सोडतंय? मी पिशवी उचलली आणि निघालो.

त्यानंतर मी सासुरवाडीला फिरकलो नाही. का, ते आजच्या पोरांना समजावून सांगावं लागतं. आमच्याकडे जावई दारात आला की आधी पाय धुवायला तांब्याभर पाणी, मग चहा, मग कोंबडं नाहीतर पुरण, आणि पंगतीला भावकीतले चार जण. दुष्काळ असो की आणखी काही असो, जावयाच्या पाहुणचारात सासरा कमी पडत नाही. घरात नसेल तर शेजारून आणतो, पण करतो. त्या घरात बाळंतीण, तिच्या आणि लेकराच्या धुण्याला पाणी पुरवताना सासूबाईंच्या नाकी नऊ आलेले, आणि मी जाऊन तांब्याभर पाणी पायावर ओतून घ्यायचं? वर हात हलवत जायचं? मी मनाशी ठरवलं, जाईन तर टँकर सुरू झाल्याची बातमी घेऊन, आणि दोघींना घेऊनच परत येईन. हा मला माझा मोठा समजूतदारपणा वाटत होता. कुणी विचारलं तर मी हे जरा छाती काढूनच सांगायचो.

पण आतून हाल होते. पान्हा हातात घेतला की वाटायचं, आता दोन महिन्यांची झाली, मान धरली असेल. जेवणाचा डबा उघडला की वाटायचं, आता हसत असेल, कुणाकडं बघून हसत असेल. बायकोची आठवण तर कशानंही यायची. ती भाकरी थापताना बांगड्या कोपरापर्यंत सारायची आणि भाकरी झाल्यावर पुन्हा मनगटावर आणायची. त्या बांगड्यांचा आवाज मला भर गॅरेजात, एअर कॉम्प्रेसर चालू असताना ऐकू यायचा. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर पोरांनी वर्षभर माझी टर उडवली असती.

अशात आमच्या चेअरमनना टँकरची कल्पना सुचली. चेअरमन म्हणजे मोठे बागायतदार, गोड बोलणारे, कायम घाईत, आणि नजर आमदारकीवर. सरकारी टँकर पुरत नव्हते, ते ज्या गावांना पोचत नव्हते अशा पाच गावांना संस्थेचा टँकर पाणी देणार असं त्यांनी सभेत जाहीर करून टाकलं. त्या पाच गावांत आमचं गाव होतं. संस्थेचे ट्रक टाकीचं वजन घेऊन डोंगराचा चढ चढतील असे नव्हते. मग चेअरमननी एका धरणाच्या कामावरून मोडीत काढलेल्या दोन परदेशी गाड्या लिलावात उचलल्या. दोन्ही बहिणी-बहिणी, एकाच बनावटीच्या. एकीचं इंजिन ठणठणीत, पण चासी, म्हणजे खालचा सांगाडा, वाकडी आणि गिअरबॉक्स आतून जळलेला. दुसरीची चासी आणि गिअरबॉक्स चांगला, पण इंजिन जाम. एकीचं काळीज काढून दुसरीत बसवायचं, म्हणजे एक धड गाडी होईल असं ते गणित होतं.

गाड्या ओढून आणल्या तेव्हा मी आधी केबिनमध्ये चढलो. पायापाशी दोनच पेडल. तिसरं मोडून पडलं असेल म्हणून मी खाली वाकून शोधलं. आमचा ड्रायव्हर तर गाडीला हात लावेना. क्लच न्हाई ती गाडी कसली, तिला थांबवायची कशी आणि काढायची कशी, म्हणून तो लांब उभा राहून तंबाखू मळत बसला.

हे कोडं सोडवायला चेअरमननी एक म्हातारे मिस्त्री शोधून आणले. त्यांनी धरणावर याच गाड्यांवर उभी हयात काढली होती आणि आता रिटायर होऊन गावी शेळ्या राखत होते. अंगात बंडी, गळ्यात तुळशीची माळ, बोलणं कमी. पहिल्या दिवशी त्यांनी मला हातपाय धुवून यायला सांगितलं. पाण्याची टंचाई म्हटल्यावर मी रॉकेलनं हात पुसून आलो. ते म्हणाले, चालंल, पण या डब्यात कचऱ्याचा कण गेला तर मी घरी जाईन.

इंजिनाचं काम सोपं गेलं. कडुलिंबाच्या फांदीला चेन-ब्लॉक टांगला, चांगलं इंजिन उचललं, दुसरी गाडी ढकलत त्याच्याखाली आणली आणि अलगद उतरवलं. इंजिन बसवणं हे माझं रोजचं काम होतं. मला वाटलं, आता काय, गिअरबॉक्स लावला की झालं. मिस्त्री म्हणाले, खरं काम आता सुरू होतंय.

साध्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच असतो. या गाडीत त्याच्या जागी लोखंडाचा एक मोठा पोकळ गोळा होता, टॉर्क कन्व्हर्टर. आम्ही त्याला भोपळा म्हणायचो, कारण तो दिसायला तसाच होता. त्यात तेल भरलेलं असतं. इंजिन भोपळा फिरवतं, आतलं तेल फिरतं, आणि तेलाच्या जोरावर गिअरबॉक्स फिरतो. गिअरबॉक्स पुन्हा लावताना आधी हा भोपळा गिअरबॉक्सच्या तोंडात बसवायचा. तो एका दमात बसत नाही. एका आत एक अशा दोन नळ्यांचे दात जुळावे लागतात आणि शेवटी तळाच्या, तेल खेळवणाऱ्या पंपाच्या खाचा. हातानं हळूहळू फिरवत राहायचं, म्हणजे एकेक जुळत जातं आणि दरवेळी भोपळा खट् असा आवाज करून थोडा आत सरकतो. तीन वेळा खट् झालं की बसला. मग गिअरबॉक्स इंजिनाला भिडवायचा.

मिस्त्रींनी मला हे दोनदा करून दाखवलं. आत टाकायचं तेल लाल आणि पातळ होतं, ते औरंगाबादहून मागवलं होतं. चेअरमनना त्याचा रंग बघून संशय आला, साधं गिअर ऑइल का चालत नाही म्हणून त्यांनी तीनदा विचारलं. मिस्त्री ते तेल भोपळ्यात ओतताना लेकराला पळीनं पाजावं तसं थोडं थोडं ओतायचे, मध्ये थांबायचे, भोपळा कुशीवर वळवायचे, पुन्हा ओतायचे. ते बघताना मला आमची मुलगी आठवायची. मी तेलाचा डबा धरून दुसरीकडे बघत राहायचो.

इकडे चेअरमननी नारळ फोडायचा दिवस ठरवून टाकला. गुरुवार. आमच्याच गावात, देवळासमोर. कलेक्टर ऑफिसातून कुणीतरी येणार होतं, मांडव सांगून झाला होता. ते कळलं त्या दिवशी मी पोस्टात जाऊन बायकोला कार्ड टाकलं. सगळ्यांनी वाचायचं म्हणून दोनच ओळी लिहिल्या. गुरुवारी टँकर गावात येतो. शुक्रवारी तुम्हा दोघींना न्यायला येतो. कार्ड पेटीत टाकलं आणि पेटीवर दोनदा थाप मारून बघितली, खाली पडलं की नाही म्हणून.

बुधवारी एकादशी होती. मिस्त्री एकादशीला नारायणगडाची वारी चुकवत नसत. मंगळवारी दुपारी ते निघाले तेव्हा गिअरबॉक्स गाडीखाली लाकडी ओंडक्यांवर तयार ठेवला होता आणि भोपळा बाजूला पोत्यावर. त्यांनी मला बजावलं, "मी आल्याबिगर लावू नको. चेअरमनला सांग, म्हणावं नारळ दोन दिस पुढं ढकला. आन् ध्यानात ठेव, ह्यो हातानं गेला तरच गेला. बोल्टानं वढायचा न्हाई."

मी चेअरमनना सांगितलं. चेअरमन म्हणाले, मांडव पुढे ढकलता येतो, साहेब लोक पुढे ढकलता येत नाहीत. आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, तू काय कमी आहेस का? खरं सांगायचं तर त्यांनी पाठीवर हात ठेवला नसता तरी मी ते केलंच असतं. साहेब लोकांचं मला काही पडलं नव्हतं. मला शुक्रवार गाठायचा होता.

बुधवारी सकाळी मी एकट्यानं भोपळा उचलून गिअरबॉक्सच्या तोंडात घातला आणि फिरवायला लागलो. पहिला खट् लगेच आला. दुसरा थोड्या वेळानं आला. तिसरा येईना. मी फिरवलं, मागं घेतलं, पुन्हा फिरवलं. वरून ऊन, शेडचा पत्रा तापलेला, घामानं हात सटकत होते. किती वेळ फिरवत होतो कुणास ठाऊक. मग माझ्या डोक्यात आलं की तिसरा आवाज येऊन गेला असेल, कॉम्प्रेसरच्या गोंगाटात मला ऐकू आला नसेल. माणसाला जे हवं असतं ते पटवून घ्यायला फार वेळ लागत नाही. मी दोन हमाल बोलावले आणि गिअरबॉक्स इंजिनाकडे सरकवला.

बोटभर फट राहिली. आता ही फट आम्हा फिटर लोकांच्या ओळखीची. साध्या गाडीचा गिअरबॉक्स लावताना शेवटची बोटभर फट नेहमीच राहते. दात थोडे अडतात. मग आम्ही चारी बाजूंनी बोल्ट लावतो आणि समोरासमोरचे एकेक आळीपाळीनं आवळत जातो, की गिअरबॉक्स आपोआप ओढला जातो आणि फट मिटते. मराठवाड्यात कुठल्याही गॅरेजात जा, सगळे असंच करतात. मी माझ्या उस्तादाकडून हेच शिकलो होतो आणि शेकडो वेळा केलं होतं. मिस्त्रींनी जे करू नको म्हणून सांगितलं होतं ते आम्ही रोज करत होतो, म्हणून तर त्यांनी सांगितलं होतं. मी बोल्ट लावले. पान्ह्याला पाइप घालून आवळले. एका ठिकाणी आतून कट् असा बारीक आवाज आला. मी स्वतःला सांगितलं, हाच तिसरा.

फट मिटली. मी जमिनीवर पाठ टेकून तसाच पडून राहिलो आणि हसलो, हे मला अजून आठवतं.

गुरुवारी टाकी चढवलेला, आंब्याचे डहाळे आणि हार बांधलेला टँकर गॅरेजबाहेर काढायला ड्रायव्हर बसला. मी त्याला दोन दिवस नुसता लिव्हर दाखवून तयार केला होता. इंजिन पहिल्या दणक्यात सुरू झालं. पण त्याच्या आत दुसरा एक आवाज होता, दळणात खडा आल्यासारखा. ड्रायव्हरनं लिव्हर पुढे टाकला. गाडी जागची हलली नाही. अॅक्सिलेटर दिला, आवाज वाढला, गाडी तिथंच. मी खाली वाकून बघितलं तर जोडावरून लाल तेल धारेनं गळत होतं.

चेअरमन गावाला जाऊन रिकाम्या रस्त्याकडे बघत बसले. शेवटी त्यांनी नारळ फोडला तो साध्या सरकारी टँकरवर, कुठूनतरी बोलावून आणलेल्या. तो टँकर रिकामा होऊन गेला तो पुन्हा आला नाही. गावात माझ्या आईला लोकांनी विचारलं, तुमच्या पोरानं बनवली ती गाडी कुठंय? आईनं ते मला नंतर सांगितलं, तेही हसत. तिला तेव्हा हसू आलं नसणार.

मिस्त्री आले. त्यांनी गाडीखाली वाकून तेल बघितलं आणि बोल्ट सोडायला बसले. गिअरबॉक्स मागं घेतला, भोपळा काढला. पंपाची आतली चकती दोन ठिकाणी तडकलेली होती आणि तिच्या खाचांचे तुकडे तेलात पडले होते. ते तुकडे त्यांनी एका फडक्यावर ओळीनं मांडले. मग मला जवळ बोलावून हळू विचारलं, "किती येळा वाजलं व्हतं रं?"

मी म्हणालो, दोन वेळा.

"मग तिसरा कुठं गेलता?"

मी त्यांना शुक्रवारचं सांगितलं. बायकोचं, मुलीचं, कार्डाचं. सांगता सांगता मला स्वतःचीच चीड आली. मिस्त्री फडक्यावरचे तुकडे बघत होते. चेअरमन आल्यावर ते एवढंच म्हणाले की जुना माल आहे साहेब, पंप गेला, बहिणीचा काढून घालतो. माझं नाव त्यांनी तोंडातून काढलं नाही. त्यांच्या त्या गप्प राहण्याचं ओझं मी पुढे कितीतरी वर्षं वागवलं.

दुसऱ्या गाडीच्या जळलेल्या गिअरबॉक्सचा पंप सुदैवानं शाबूत निघाला. पण तो काढायला सगळा गिअरबॉक्स खोलायचा, चांगल्या गिअरबॉक्समधले लोखंडाचे कण वेचून काढायचे, सगळं धुवायचं, नव्या पॅकिंगा कापायच्या. अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत मी सासुरवाडीला एक ओळही पाठवली नाही. रोज ठरवायचो, आज कार्ड टाकू. पण लिहायचं काय? टँकर मोडला असं लिहावं तर कुणी मोडला? आणि नवी तारीख द्यावी तर ती तरी खरी ठरेल कशावरून? शुक्रवार उलटून गेला. मी खड्ड्यात उतरून कण वेचत होतो. मनाला सांगत होतो, काम होऊ दे, एकदाच जाऊ, एकदाच सगळं सांगू.

दुसऱ्यांदा भोपळा बसवताना मिस्त्री बाजूला स्टुलावर बसले आणि मला फिरवायला लावलं. कॉम्प्रेसर बंद. शेडमध्ये कुणाला बोलू दिलं नाही. मी बोटांच्या टोकांनी फिरवत गेलो. एक. बऱ्याच वेळानं दोन. मग काहीच नाही. मी मिस्त्रींकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले होते. मी फिरवत राहिलो, आणि केव्हातरी तो जड भोपळा माझ्या हातातून आपणहून आत गेला, अर्धा इंच, खट्. आवाज मोठा नव्हता, पण हाताला असा कळला की शंकेला जागाच राहिली नाही. गिअरबॉक्स इंजिनाला भिडला तो कुठंही न अडता, हातानं, फट न राहता. बोल्ट मी दोन बोटांनी फिरवत आत घातले. मिस्त्री उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, आता लाव पान्हा.

टँकर डोंगराचा चढ चढला तेव्हा मी केबिनमध्ये होतो. क्लच नसल्यानं गाडीला हिसका बसत नव्हता आणि टाकीतलं पाणी डुचमळत नव्हतं. ड्रायव्हर आता ऐटीत एका हातानं गाडी चालवत होता. गावात विहिरीच्या काठावर नळी सोडली, पाणी विहिरीत पडायला लागलं आणि बायका घागरी घेऊन चारी बाजूंनी दोर सोडायला लागल्या. आईची घागर पहिल्या चारात होती. मी खूश होतो. मनात मात्र एकच होतं की उद्या सकाळी निघायचं.

सासुरवाडीला पोचलो तेव्हा सासऱ्यांनी पाय धुवायला तांब्या पुढं केला. तो अर्धा होता. त्यांच्याही विहिरीनं आता तळ गाठला होता. त्यांनी माझ्या न येण्याबद्दल एक शब्द काढला नाही, जेवू घातलं, लेकीच्या पिशवीत ज्वारी आणि तीळ भरले, नातीच्या कपाळाला बोट लावून काजळाचा ठिपका दिला. मुलगी आता बसायला लागली होती. मी हात पुढे केले तर तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि आईच्या खांद्यात तोंड खुपसलं. दोन दात आले होते. ते ती रडायला लागली तेव्हा मला दिसले.

परतीच्या यष्टीत आम्हाला मागची सीट मिळाली. लेकरू तिच्या मांडीवर झोपलं. बराच वेळ ती खिडकीतून माळरान बघत बसली होती. मग मीच विषय काढला, शुक्रवारी वाट बघितलीस का म्हणून. तिनं सांगितलं. दोन दिवसांचं पाणी राखून तिनं शुक्रवारी सकाळी मुलीला न्हाऊ घातलं, नवं झबलं घातलं, ट्रंक भरून ओसरीवर आणून ठेवली आणि दिवस मावळेस्तोवर ट्रंकेवर बसून राहिली. शनिवारीही बसली. रविवारी आईनं ट्रंक आत नेली.

मी तिला सगळं खरं सांगितलं. दोन आवाज, बोल्ट, फुटलेला पंप. टँकरशिवाय येऊ तरी कसा, तुझ्या बाबांनी तसं सांगितलं होतं, असंही म्हणालो.

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ते बाबा बोलले. मी बोलले का? तुमी मला इचारलं का?"

मांडीवरचं लेकरू सारखं करून ती पुन्हा म्हणाली, "टँकर मोडला तर मोडला. येऊन सांगायचं व्हतं की मोडला. मला काय टँकर बघायचा व्हता?"

तिनं पुढे कधी हा विषय काढला नाही. तिला मनात धरायची सवय नव्हती. आम्ही दोघांनी मिळून पुढे खूप वर्षं काढली, भांडलो, घर बांधलं, मुलीचं लग्न केलं. तिला जाऊन आता तीन पावसाळे झाले. तिच्यावाचूनचे दिवस आता रोजच उगवतात आणि त्यावर माझ्यापाशी काही इलाज नाही. ते मी सोसतो. पण तेव्हा ती जिवंत होती, ओसरीवर ट्रंकेवर बसून होती, आणि तिच्याकडे जाणारी परळीची यष्टी दिवसातून चार वेळा आमच्या गॅरेजच्या फाटकासमोर थांबायची. मी आत बसून पाण्याची वाट बघत होतो.